तळघराची कडी

हवाई हल्ल्याचा भोंगा थांबला आणि दाराशी बसलेल्या तात्या कुलपवाल्यानं तळघराची कडी सरकवली. बायको गेल्यापासून दाराजवळची ती जागा त्याच्याकडे कोणी मागत नसे. सगळे बिऱ्हाडकरू आत होते. इमारतीचे सेक्रेटरी तेवढे विसरलेला चष्मा आणायला वर परतले होते.

"भोंगा थांबला की कडी लावायची, मग बाहेर कुणीही असो." नियम सेक्रेटरींचाच. दार मात्र तात्यानं बसवलेलं, कडीही त्याच्याच हातची. धूर आत येऊ नये म्हणून कडांना लोकरीच्या जाड पट्ट्या ठोकल्या होत्या.

बायको गेली त्या दिवशी तो दुकानातच अडकला होता. ती पाण्याचा डबा घेऊन धावत आली, तोवर सेक्रेटरींनी कडी लावून टाकली होती. ती सापडली ती पायरीवर, डब्यासकट. "वर विमानं, त्यात तुझं दार एवढं घट्ट," सेक्रेटरी म्हणाले होते, "आम्हाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही रे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आपल्याच कारागिरीनं तिचा घात केला, म्हणून तात्या तेव्हापासून स्वतःला दोष देत होता. पण कडी लावायची घाई त्या माणसानं केली होती, आणि ते तात्या विसरला नव्हता.

आता दारावर थापा पडल्या. आवाज सेक्रेटरींचा होता.

"उघडा! अहो, मी आहे!"

तात्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. मर, तो मनात म्हणाला. त्याच पायरीवर मर.

बॉम्ब पडला. छताची माती सगळ्यांच्या डोक्यावर सांडली.

"तात्या, पाया पडतो तुझ्या!"

पहिल्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी कानांवर हात ठेवले. "उघडा हो. ऐकवत नाही मला."

तात्या चमकला. विमानं आजही डोक्यावर घोंगावत होती. दार तेच, पट्ट्या त्याच, आणि बाहेरच्या माणसाचं हुंदके देणंसुद्धा आत ऐकू येत होतं.

"म्हणजे ऐकू येतं," तो म्हणाला.

तो सगळ्यांकडे वळला.

"त्या दिवशी काय म्हणत होती ती?"

बाईच जमिनीकडे बघत पुटपुटल्या, "तुम्ही आत आहात असं वाटलं तिला. तुम्हालाच हाका मारत होती."

तात्यानं कडी काढली. सेक्रेटरी आत कोसळले आणि त्याचे हात धरू लागले. तात्यानं हात सोडवून घेतले. या एकट्याला मारून आता भागणार नव्हतं. त्यानं खिशातून पेचकस काढला आणि कडीचे स्क्रू सोडवायला लागला.

"अरे, काय करतोस? दार लागणार कसं?" सेक्रेटरी ओरडले.

"नाही लागणार. ऐका आता सगळे."

पुढचा बॉम्ब गल्लीतच पडला. दार फाडकन उघडलं आणि धुराबरोबर रस्त्यावरच्या हाका आत आल्या. तात्या कडी हातात घेऊन बाहेर गेला, आणि बायको सापडली त्या पायरीवर आतल्यांकडे पाठ करून बसला. दार लोटायला आतून कोणी उठलं नाही.