हसत उतरलेला डोंगर

लालीमासी वारली हे याडीला सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण माझा भाऊ पुण्यात राहतो. पुण्यात राहणाऱ्या भावांचं हे बरं असतं. निर्णय ते घेतात, फोन ठेवतात, आणि पुढचं सगळं यवतमाळात राहणाऱ्या बहिणीनं निस्तरायचं.

याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. लालीमासी तिची धाकटी बहीण, डोंगरापलीकडच्या तांड्यात दिलेली. मासी गेली तेव्हा याडी दवाखान्यात होती, छातीला वायरी लावलेल्या. डॉक्टर म्हणाले, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. माझा भाऊ देवीलाल फोनवर म्हणाला, "बरी झाली की निवांत सांग." हा 'निवांत' शब्द मला अजून डाचतो. शाळेत तपासणी आहे असं याडीला सांगून मी मासीच्या मातीला जाऊन आले, आणि संध्याकाळी तिच्या उशाशी बसून मोसंबी सोलली.

याडी घरी आली, हिंडूफिरू लागली, महिना उलटून गेला. रोज सकाळी मी ठरवायची, आज सांगायचं. मग त्या दिवशी तिला दोन घास जास्त गेलेले असायचे, किंवा शेजारणीशी हसून बोललेली असायची, आणि मला वाटायचं, राहू दे, उद्या. मासीला फोन लाव म्हणाली की मी म्हणायची, तिचा फोन पाण्यात पडला.

"मंग नवा घ्यायले काय झालं?" याडी म्हणायची. ती माझ्याशी गोरबोलीतच बोलते. सगळ्यांना कळावं म्हणून मी ते वऱ्हाडीत लिहिते आहे. "मी मरता मरता वाचली, अन् हे पाह्यले सुदा आली नाही. येऊ दे सामने, मंग सांगतो तिले."

आणि मग आमच्या कॉलनीच्या, रविवारी फिरायला जाणाऱ्या मंडळानं नेमका तोच डोंगर काढला.

या मंडळाचे प्रमुख सदाशिवराव. कृषी खात्यातून निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नाही. गावामागच्या तलावापासून निघायचं, डोंगर ओलांडायचा, पलीकडच्या तांड्यात डबे खायचे आणि भाड्याच्या गाडीनं परत यायचं, असा त्यांचा बेत. डोंगर म्हणायला डोंगर. सह्याद्री पाहिलेला माणूस त्याला उंचवटा म्हणेल. मी घरी फोनवर कोणाशी तरी हे बोलत होते, ते याडीनं ऐकलं.

"तो तं लालीचा तांडा हाय," ती म्हणाली. "मी येतो."

मी डॉक्टरांना विचारलं, या आशेनं की ते नाही म्हणतील. ते म्हणाले, चालणं चांगलंच आहे, फक्त घाई करू नका. मग मी मनाशी ठरवलं की वाटेत सांगू. मोकळी हवा असेल, माणसं पुढं-मागं असतील, झाडाखाली बसवून हळूच सांगू. मासीच्या मुलीला, रुपीबाईला, फोन केला आणि एवढंच म्हणाले की याडीला घेऊन येते. रुपी म्हणाली, "ये बाई, आमी वाटच पाहून राह्यलो." तिनं काय समजायचं ते समजून घेतलं, आणि मी तिला समजू दिलं.

रविवारी याडी फेट्या-कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, घालून तयार. खाली मी चालायला घेऊन दिलेले पांढरे बूट. मंडळातल्या बायकांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले. सदाशिवरावांनी आजींसाठी सूचना दिल्या: पाणी घोटघोट प्या, दम लागला तर सांगा, गटाच्या मधोमध चाला. याडीनं मान डोलावली आणि पहिल्या चढालाच गटाला मागं टाकून पुढं निघून गेली. शिट्टी दोनदा वाजली. तिला वाटलं, गुरं वळवत असतील.

फाल्गुनातला डोंगर. सागाची पानं झडून गेलेली, वाटेवर त्यांचा चुरा; पळस मात्र फुललेला. याडी चालता चालता बोलत होती. इथं पाणी असायचं, इथून लाकडं न्यायचो, इथं तुझा बाप बैल शोधत रात्रभर हिंडला. तिच्या आवाजात असा उत्साह मी दवाखान्याआधीही ऐकला नव्हता. मी तिच्या मागं, मनात वाक्य जुळवत. याडी, एक सांगायचं आहे. याडी, तू दवाखान्यात होतीस ना, तेव्हा. पंचवीस वर्षं मुलांना निबंध शिकवते मी, आणि मला एक वाक्य धड जुळत नव्हतं.

माथ्यावर मोहाचं जुनं झाड आहे. याडी तिथं थांबली.

"इथी आमी भेटत होतो," ती म्हणाली. "म्या इकून लाकडाले यावं, तिनं तिकून. आंधी पोट भरून रडत होतो, मंग बोलत होतो."

हे मला ठाऊक होतं. आमच्या बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. हुंदके नव्हेत, सुरावर, शब्द जोडत, मोठ्यानं. त्यात गेलेल्या माणसांची नावं येतात, सासूचे जाच येतात, तू मला विसरलीस हा राग येतो. रडून झालं की डोळे पुसायचे आणि पोरंबाळं कशी आहेत विचारायचं. लहानपणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून विचारलं होतं, कोण मेलं? याडी म्हणाली होती, कोणी नाही, भेटलो म्हणून रडलो. मला ते कधी आलं नाही. मी वसतिगृहात वाढले, तिथं पांघरुणात तोंड घालून रडतात.

"आज तिले अशी रडवतो पाह्य," याडी म्हणाली. "सारं जोडून ठेवलं म्या. दवाखान्यात पडल्या पडल्या दुसरं काम काय होतं?"

आणि तिनं मला म्हणूनही दाखवलं, हलक्या आवाजात, हसू दाबत. लाली व, तुझ्या पायाले काय मेंदी लागली होती. बहीण खाटेवर पडली अन् तू आपली चूल सोडली नाही. तुझा डोंगर उंच झाला, का माही माया कमी झाली.

मी तिच्याजवळ मुळीवर बसले. तिचा हात हातात घेतला. म्हटलं, "याडी, ऐक."

"काय?"

तेवढ्यात सदाशिवराव वर पोचले, घामाघूम, आणि म्हणाले, इथं सगळ्यांचा एक फोटो झालाच पाहिजे. सगळे जमले, याडीला मधे बसवलं. सदाशिवरावांना दोष देण्यात अर्थ नाही. फोटोला कितीसा वेळ लागतो? फोटो झाला, माणसं पांगली, याडी पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाली, "काय म्हणत होती?" आणि मी म्हणाले, "पाणी पी म्हणत होते."

उतारावर मला स्वतःचा इतका राग आला की मी देवीलालला मनातल्या मनात शिव्या देत चालले. याडीला वाटलं, माझे पाय दुखतात. ती माझी थट्टा करायला लागली. मास्तरीण झाली अन् उतारावर म्हातारीच्या मांगं राह्यली. मग तिनं सदाशिवरावांची नक्कल केली, शिट्टीसकट, गाल फुगवून. ती इतकी हुबेहूब होती की मला हसू आवरेना. आम्ही दोघी हसत, एकमेकींचा हात धरून तांड्यात उतरलो.

रुपी दारातच होती. तिच्या मागं सातआठ बायका. याडीला पाहिल्याबरोबर रुपीनं सूर धरला आणि धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. बाकीच्याही आल्या. याडीनंही लगेच सूर लावला. भेटल्यावर रडायचं, एवढंच तिला ठाऊक. दवाखान्यात जोडलेलं सगळं तिनं मोठ्यानं म्हटलं. पायाची मेंदी, न सोडलेली चूल, उंच झालेला डोंगर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा आनंदानं फुलला होता.

रुपीच्या रडण्यात मासीचं नाव होतं. माही याडी गेली व मासी, असं ती माझ्या आईला स्पष्ट म्हणत होती. पण सगळ्या एकाच वेळी रडत असताना कोण कोणाचं ऐकतं? मी बाजूला उभी राहून वाट पाहत होते. आता ऐकेल, आता कळेल, आणि माझं काम परस्पर होऊन जाईल. खरंच मी हीच वाट पाहत होते.

रडणं ओसरलं. याडीनं पदरानं डोळे पुसले, रुपीच्या गालावरून हात फिरवला, आणि घराकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अन् हे महाराणी कुठी लपली? बहिणीले सामोरी सुदा येत नाही काय?"

बायका आधी याडीकडे, मग रुपीकडे पाहू लागल्या. रुपी माझ्याकडे पाहत होती.

"तुनं सांगतलं नाही?" ती म्हणाली.

मी मान खाली घातली. मग मला बोलावं लागलं. महिनाभर जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवलं नाही. "याडी, मासी गेली," मी म्हणाले. "तू दवाखान्यात होतीस तेव्हा."

मी तिला धरायला पुढं झाले. डॉक्टरांनी दिलेली गोळी पर्समध्ये होती, हात पर्सवरच होता. याडी पडली नाही. रडली पण नाही. ती नुसती उभी राहिली आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर एक वेगळीच गोष्ट आली. ती लाज होती. आयुष्यात माझ्या आईला मी लाजलेलं पाहिलं नव्हतं.

"अन् म्या तिले टोमणे मारले," ती म्हणाली. "तिच्याच दारात."

"तुले माहीत नव्हतं मासी," रुपी म्हणाली.

"बहीण मेली अन् मी हासत आली." ती त्या बायकांना सांगत होती, एकेकीकडे बघून. "तुमी पाह्यलं असन. हासत आली मी."

एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे बाई, ये घरात, पाणी घे."

"पाणी कसं घेऊ?" याडी म्हणाली. मग तिनं मला सांगितलं, रागानं नव्हे, एखाद्या परक्या माणसाला आपली रीत समजावून सांगावी तसं. "दुःखाले येनारी बाई शिवेपासून रडत येते. आंधी आवाज येते, मंग बाई येते. घरातल्याले कळलं पाह्यजे का आपलं मानूस येऊन राह्यलं. तू मले डोंगरावर सांगतलं असतं, तं माहा आवाज वरूनच आला असता. माह्या लालीले मी मुक्यानं आली."

मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुझ्या जिवाला..."

"जीव माहा होता," ती म्हणाली.

मग ती रुपीला म्हणाली, "तुमी घरात जाऊन बसा. मी येतो." आणि वळून, आलो त्याच वाटेनं परत निघाली.

चिंचेखाली मंडळाचे डबे उघडले होते. सदाशिवराव उठून आले. आजी परत डोंगराकडे का चालल्या, गाडी तर इथं येणार आहे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जेवून घ्या, आमची वाट बघू नका. ते आणखी काही विचारणार होते, पण माझ्याकडे पाहून त्यांनी टोपी काढली आणि बाजूला झाले.

ऊन चढलं होतं. याडी उतारावरून उतरताना जितक्या झपाट्यानं आली होती तितकीच आता सावकाश चढत होती. मी हात पुढं केला, तिनं घेतला नाही. शेतं संपून जिथून साग सुरू होतो, तिथं ती थांबली. खाली तांडा दिसत होता. बायका तिच्या सांगण्याप्रमाणे आत गेल्या होत्या, अंगण रिकामं होतं. ती दगडावर बसली. श्वास जागेवर येईपर्यंत बसली. मी बाटली दिली, तिनं नको म्हणून हात हलवला.

"तू मांगं राय," ती म्हणाली, आणि उठली.

पहिल्यांदा आवाज निघाला नाही. सगळा आवाज तिनं त्या खोट्या भेटीत खर्चून टाकला होता. दोन पावलं चालली, थांबली, पुन्हा प्रयत्न केला. मग निघाला, फाटका, चिरका. लाली व, मी उशिरा आली. लाली व, मी हासत आली, तू मनावर घेऊ नको. पावलागणिक एक ओळ. त्यात आमचा बाप आला, त्या दोघी बहिणींची आई आली, मोहाचं झाड आलं. आमच्या रडण्यात खोटं बोलायचं नसतं, आणि कोणाला झाकायचंही नसतं. तांडा जवळ आला तेव्हा त्यात मी आले. माह्या पोटच्या पोरीनं मले फसवलं व लाली. माह्या हातात हात घालून आली, अन् मले सांगतलं नाही. जत्रेले न्यावं तशी मले तुझ्या मातीले आनलं.

बहिणीजवळ लेकीची तक्रार करावी, तसं ती मासीला सांगत होती. चिंचेखालची माणसं जेवायची थांबली होती. त्यांना बोली कळत नव्हती, पण तांड्यातल्या प्रत्येक घराला कळत होती, आणि घराघरातून बायका रडत बाहेर येऊ लागल्या.

त्या दिवसानंतर याडीनं मला या गोष्टीवरून एका शब्दानं विचारलं नाही. जे होतं ते तिनं बहिणीला सांगून टाकलं होतं. मी तिच्या मागं, तिनं सांगितलं तेवढं अंतर ठेवून, सगळं ऐकत तांड्यात शिरले.