क्रेनवालीचा सत्कार

सत्काराच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पाण्याचा भला मोठा ग्लास हातात दिला आणि समोर ठाण मांडून उभ्या राहिल्या. "पी सगळं. फोटोत तोंड सुकलेलं दिसतं तुझं. लोक म्हणतील, सासू उपाशी ठेवते." आमच्या घरात त्यांना नाही म्हणायची कोणाची टाप नाही. मी प्यायले, आणि तिथूनच माझा जीव टांगणीला लागला.

एरवी कामावर जाताना मी घोटभरसुद्धा पाणी पीत नाही. ओतकामाच्या कारखान्यात मी क्रेन चालवते. शिडीने छताजवळच्या केबिनमध्ये चढायचं आणि खालून वितळलेल्या लोखंडाचं भांडं उचलून साच्यांपर्यंत न्यायचं. बायकांसाठी अख्ख्या कारखान्यात एकच स्वच्छतागृह, तेही ऑफिसच्या मजल्यावर, पाहुण्यांसाठी, कुलूपबंद. किल्ली मोठ्या साहेबांच्या खिशात. "उघडं ठेवलं की कोणीही जातं," असं त्यांचं म्हणणं. कोणीही म्हणजे आम्ही. मग जेवणाच्या सुट्टीत रस्ता ओलांडून पेट्रोल पंपावर पळायचं आणि बाकीचा दिवस कळ सोसत काढायचा. डॉक्टरीणबाई दर खेपेला ओरडतात, "अहो, पाणी पीत जा!" मी हो म्हणते. हो म्हणायला काय जातं?

तर मी कारखान्यातली पहिली क्रेनवाली, म्हणून महिला दिनाला माझा सत्कार. आधी भाषणं, मग लगेच मी वर चढून पाहुण्यांसमोर भरलेलं भांडं नेऊन दाखवायचं. भट्टी त्याच हिशेबाने पेटवलेली.

आधी साहेबांच्या केबिनमध्ये चहा झाला. मग संत्र्याचा रस आला. प्रमुख पाहुण्या, कुठल्याशा खात्याच्या मोठ्या अधिकारी, शेजारीच बसलेल्या. "घ्या हो, आज तुमचा दिवस," साहेब म्हणाले. माझा दिवस! आजवर इतकी माया कधी दाखवली नव्हती मेल्यांनी. पाहुण्यांसमोर नको म्हणायची लाज वाटली, आणि तोही रस पोटात गेला.

स्टेजवर बसेपर्यंत ओटीपोटात कळा सुरू झाल्या. पाहुण्या बाई बोलत होत्या, स्त्रीने आकाशाला हात लावला वगैरे. टाळ्या पडल्या की मीही वाजवत होते. पण लक्ष सगळं हातांकडे. हात थरथरत होते. क्रेनच्या दांड्यावर हात जरासा हलला तरी खाली भांडं डुलतं. आणि खाली साच्यापाशी आमचा बुटक्या, लोखंड साच्यात ओतून घेणारा कामगार, उभा असतो. माझ्या भरवशावर उभा असतो तो. वर मान करून बघतसुद्धा नाही. लोखंड सांडलं तर त्याला पळायला जागा नाही.

मी साहेबांकडे झुकले. "साहेब, किल्ली द्या ना."

ते कॅमेऱ्याकडे बघून हसतच होते. "कसली?"

"वरच्या मजल्यावरची."

"आत्ता? सगळं आटोपलं की देतो."

"आटोपण्याआधी मला क्रेनवर चढायचंय, साहेब."

"थोडं सहन करा. रोज करताच ना?"

रोज करतेच. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तेवढ्यात माझ्या हातात सन्मानचिन्ह आलं, पुष्पगुच्छ आला आणि माइकही आला. दोन शब्द बोला म्हणे. साहेबांनी पाठ करून घेतलेलं वाक्य होतं, व्यवस्थापनाचे आभार मानणारं. समोर बुटक्या सगळ्यांच्या मागे उभा राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होता. त्याला पाहिलं आणि ते वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"मला लघवीला जायचंय," मी माइकवर म्हणाले. "किल्ली साहेबांच्या खिशात आहे. ती मिळाल्याशिवाय मी क्रेनवर चढणार नाही. माझा हात हलला तर माणूस मरेल."

कानशिलं तापली माझी. आता नोकरी जाते, एवढंच डोक्यात.

सत्कार बघायला आलेल्या सासूबाई पहिल्या रांगेतून ताडकन उठल्या. "अहो साहेब, बघता काय? द्या की! पोर ताटकळलीय!"

साहेबांचा चेहरा पडला. पण किल्ली निघाली. मी सन्मानचिन्ह खुर्चीवर टाकलं आणि जिने चढत सुटले.

बाहेर आले तेव्हा दारात रांग लागली होती. कँटीनच्या मावशी, हिशेब विभागातली नवी मुलगी, झाडलोट करणाऱ्या दोघी, टाइपिस्टबाई. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी किल्ली मावशींच्या हातात ठेवली. त्यांनी ती मुठीत घट्ट धरली.

मागून साहेब धापा टाकत आले. "अहो, भट्टी तयार आहे, चला लवकर! आणि ती किल्ली द्या इकडे." त्यांनी मावशींपुढे हात केला.

मावशी घाबरल्या. मूठ सैल व्हायला लागली.

"थांबा," रांगेच्या शेवटून आवाज आला. प्रमुख पाहुण्या बाई होत्या, हातात अजून पुष्पगुच्छ. "माझा नंबर यायचाय अजून. दौऱ्यावर असले की मी दिवसभर पाणी पीत नाही, साहेब. नोकरीला लागल्यापासून. आज तुम्ही रस पाजलात."

साहेबांनी हात मागे घेतला. मी माझे हात पाहिले. ते स्थिर होते. मी शिडीकडे निघाले.