फराळानंतरची गोळी

मी मॅग्नेशियमच्या गोळ्यांची बाटली बोलतेय. पांढरं अंग, निळं झाकण. गोळ्या केव्हाच संपल्या, पण विठाबाईंनी मला फेकलं नाही, म्हणून तर दोन शब्द बोलायची संधी मिळतेय.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते खोक्याचं अंधारं पोट आणि पुण्याहून शिरूरपर्यंतचे एसटीचे दणके. शिरूरच्या स्टँडजवळ सिद्दीकभाईंचं औषधांचं दुकान होतं. गल्ल्यावर ते बसत, आणि औषधांचं सगळं त्यांची लेक शायना बघे. ती फार्मसी शिकली होती. तिनंच मला मागवून घेतलं.

मांडणीवर मी बरेच दिवस बसून होते. लोक मला हातात घेत, आकडा वाचत आणि परत ठेवून देत. शेजारच्या पाकिटावर 'पाचशे' होतं, माझ्यावर नुसतं 'शंभर'. माणसं औषधसुद्धा पेंडीचं पोतं घेतल्यासारखं वजन बघून घेतात, हे मला तिथं कळलं. मनात म्हणायची, देवानं आपल्यासाठीही कुणीतरी नेमून ठेवलं असेल.

दोन हजार सातचा पौष महिना असावा. न्हावऱ्याचे हौसराव आणि त्यांच्या मंडळी विठाबाई दुकानात आले. विठाबाईंनी पिशवीतून अर्धवट वापरलेलं पाकीट काढलं.

"पोरी, ही गोळी मला सोसत न्हाई. घेतली की पोट चालतं. पूजेला बसायचं कसं?"

"मीच आणली व्हती," हौसराव म्हणाले. "डाक्टरनी रगात तपासलं, मॅग्नेशियम कमी हाय म्हणले. म्या म्हणलं, जास्तीत जास्त पावरची द्या."

"तर काय. आणायची ती बैलाला पुरंल एवढी."

शायनानं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. "मामा, हे ऑक्साइड आहे. आकडा मोठा, पण त्यातलं अंगात थोडंच मुरतं. बाकीचं आतड्यात पाणी ओढून घेतं, म्हणून पोट बिघडतं." मग तिनं मला खाली काढलं. "हे ग्लायसिनेट. शंभरच आहे, पण अंगी चांगलं लागतं आणि बहुतेकांच्या पोटाला सोसतं."

"पाचशेच्या जागी शंभर?" हौसरावांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मला झाकणात शिरावंसं वाटलं.

"तुमचा ऊस पाटपाण्यावर आहे का ठिबकवर?"

"औंदा ठिबक केलंय."

"मग पाटानं सोडत होता तेवढंच पाणी आता सोडता का?"

हौसराव गालात हसले. "न्हाई. ठिबकचं सारं मुळाशी जातं. बरी धरलीस गं मला."

विठाबाईंची शंका निराळी होती. "ह्यात वशाट काय न्हाई ना? माझे लई उपास असत्यात."

"कॅप्सूल असती तर मलाही शंका होती, मावशी. वरचं टोपण जिलेटीनचं, आणि ते कशापासून केलं ते कुणाला विचारायचं? आमची अम्मी त्यामुळंच कॅप्सूल घेत नाही. म्हणून मी ही गोळी मागवली. कंपनीला विचारून घेतलंय, ह्यात तसलं काही नाही."

"शानी हाय तुझी आई."

शायनानं डॉक्टरांना फोन करून विचारलं. मूत्रपिंडाचा काही त्रास नाही ना, याची खात्री केली. मग माझ्या अंगावर पेनानं लिहिलं, 'रोज एक, जेवणानंतर.' आणि मी न्हावऱ्याला निघाले.

विठाबाईंनी मला देवघराच्या फळीवर जागा दिली. तिथं बसून मला त्यांच्या मनातली गोष्ट कळली. दोन वर्षांपूर्वी त्यांची लेक तेजश्री बाळंतपणात मरणाच्या दारातून परत आली होती. दवाखान्याच्या जिन्यात बसून विठाबाईंनी माहेरच्या देवीला, खुटबावच्या देवीला, साकडं घातलं होतं. माझी लेक राहू दे, मी वेशीपासून तुझ्या पायरीपर्यंत दंडवत घालत येईन. लेक राहिली. नवस मात्र राहून गेला, कारण विठाबाईंच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. आडवं होऊन उठायचं म्हटलं की पाय दगडासारखा व्हायचा. त्यासाठीच डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. येत्या चैत्रातल्या यात्रेला नवस फेडायचाच, असा त्यांचा निर्धार होता.

मला हुरूप आला. पण सोमवार उजाडला आणि विठाबाईंनी मला नुसतं पदरानं पुसून परत ठेवलं. गुरुवारी तेच. शनिवारी तेच. मधेच एकादशी, मधेच चतुर्थी. माघात तर त्यांनी आणखी एक व्रत धरलं. फळीवर बसून मला वाटे, या माउलीला जेवायला दिवस उरतो तरी कुठला? माझं झाकण कधीमधी उघडे. देवाजवळ राहूनही मी उपाशीच, असं वाटायचं.

एकदा दुपारी त्यांनी अंगणात दंडवत घालून पाहिले. दुसऱ्यालाच पोटरी आखडली. पाय धरून त्या तुळशीकट्ट्याला टेकल्या.

"सोड गं तो नवस," हौसराव म्हणाले. "देवी काय तुला कोरटात खेचती व्हय? नारळ फोड, साडी नेसव तिला."

"तिनं लेक माघारी दिली. आन् मी बोल माघारी घेऊ?"

मग हौसरावांचा राग माझ्यावर निघाला. "ही बाटली बी तसलीच. शंभर ती शंभरच."

दुसऱ्याच दिवशी विठाबाई मला घेऊन एकट्याच शिरूरला आल्या. "गुण न्हाई गं आला, बाई," त्यांनी मला शायनासमोर ठेवलं. शायनानं मला हलवलं. मी खळखळले, चांगली जड.

"मावशी, ही तर भरलेलीच आहे. घेतली केव्हा?"

"जवा जेवले तवा घेतली की. तूच लिवलंय, जेवणानंतर."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"उपास. भगर खायाची न्हाईतर साबुदाणा. त्यो फराळ, जेवण कुठलं?"

शायना हसली नाही. चूक आपल्याच लिहिण्यातली, म्हणून तिनं स्वतःच्या कपाळाला हात लावला. माझ्या अंगावरचं 'जेवणानंतर' खोडून तिनं लिहिलं, 'जेवणानंतर किंवा फराळानंतर.'

"पर उपासाच्या दिवशी औषध पोटात घालायचं, मन धजत न्हाई," विठाबाई म्हणाल्या.

"ते मी कसं सांगू, मावशी? तुमचं आणि देवाचं आहे ते. रोज घेतली तर उपयोग होईल, एवढंच मी सांगू शकते."

परतीच्या एसटीत विठाबाईंनी मला मांडीवर धरलं होतं. घरी येऊन हातपाय धुतले, दिवा लावला. मग माझं झाकण उघडून एक गोळी काढली, ताटलीत तुळशीच्या पानावर देवापुढं ठेवली आणि डोळे मिटून बसल्या. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाल्या, "परसादानं उपास कुठं मोडतो?" भगरीचे चार घास खाल्ले आणि गोळी घेतली.

त्या दिवसापासून नेम झाला. रोज पान, रोज गोळी. डॉक्टरांनी एक उपास कमी करायला सांगितला होता. तोही त्यांनी देवाची क्षमा मागून सोडला, आणि त्या वारी शेंगदाण्याची चटणी-भाकरी खाल्ली. गोळे एकदम गेले नाहीत. आधी रोजचे होते, मग अधूनमधून झाले. फाल्गुनात त्या पाटावरून दाराचा आधार न घेता उठल्या, ते मी फळीवरून पाहिलं.

चैत्रात खुटबावला मी पिशवीतून गेले. पिशवी हौसरावांच्या खांद्याला होती, तिचं तोंड उघडं होतं, त्यामुळं मला सगळं दिसलं. विठाबाई ओल्या लुगड्यानं वेशीत उभ्या होत्या. दंडवत घालायचा, हात पोचतील तिथं तेजश्रीनं काठीनं रेघ ओढायची, रेघेवर उभं राहून पुढचा घालायचा. धूळ, हलगी, बायकांचे हात जोडलेले. अर्धी वाट झाली. मारुतीचा पार मागं पडला.

देऊळ समोर दिसायला लागलं आणि विठाबाई उठता उठता थांबल्या. पोटरी आखडली होती. हौसराव पुढं धावले. तेजश्रीनं काठी खाली ठेवली.

"आई, उरलेले मी घालते. नवस माझ्यासाठीच होता ना?"

विठाबाईंनी पाय लांब केला, पंजा आपल्याकडं ओढून धरला. चेहरा वेडावाकडा झाला. मग हळूहळू निवळला. गोळा सुटला होता. त्या उभ्या राहिल्या.

"तुझं काय असंल ते तू तुझ्या लेकरासाठी बोल," त्या म्हणाल्या. "काठी उचल. रेघ ओढ."

पायरीला कपाळ टेकलं तेव्हा त्या रडल्या. हौसराव आभाळाकडं बघत उभे होते. "नारळ कुठं ठेवला म्या?" असं उगाच विचारत होते.

आता मी न्हावऱ्याला देवघरातच असते. माझं झाकण घट्ट बसतं, म्हणून विठाबाई माझ्यात कापूर ठेवतात. उघड्यावर तो उडून जातो. नव्या गोळ्यांची बाटली शेजारी आहे. तिलाही रोज तुळशीचं पान मिळतं. पाय कधी दुखतात, कधी नाही.

माझं मागणं मोठं नाही. गोळी घेताना मोठ्या आकड्याला भुलू नका. आत कुठलं मॅग्नेशियम आहे ते वाचा, आपल्याला सोसेल का ते डॉक्टरांना विचारा. आणि तुमच्या घरी उपासाची बाई असेल, तर तिच्या बाटलीवर फराळाचंही लिहून ठेवा.

बरं, येते. आरतीची घंटा वाजली, विठाबाई माझं झाकण उघडतायत.