एका पंखाचा

"आमच्याकडचा सगळ्यात देखणा देवदूत देतो, पोरी. तुझ्या बाबांच्या उशाशी तसाच हवा," कारखान्याचे मालक म्हणाले. त्यांच्याकडे बाबांनी चौतीस वर्षं थडग्यांचे दगड घडवले होते.

"अंगणातला आहे ना," मी म्हणाले.

दादा उसळला. "तो मोडका? आयुष्यभर लोकांना अख्खे घडवून दिले आणि स्वतःच्या वाट्याला तुटका?"

हत्यार लावण्याआधी बाबा प्रत्येक दगड हातोडीने वाजवून बघत. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत भेग. घरातली भांडी, कलिंगडं, माझं डोकं, काही सुटत नसे. एकदाच वाजवायचं राहिलं. मी तापाने फणफणले होते, त्यांना घरी पळायचं होतं. पुढे महिन्याभराने, शेवटचा हात फिरत असताना, देवदूताचा उजवा पंख निखळला. फोडून ज्याची खडी व्हायची तो दगड बाबांनी हातगाडीवर घालून घरी आणला. आईने नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या पंखावर कपडे वाळत घातले.

देवाशी भांडून स्वर्गातून पडलेल्या देवदूताची गोष्ट मी पुढे पुस्तकांत वाचली, बाबांना सांगितली. सगळ्यांत तेजस्वी तोच, गर्वापायी गेला. बाबा छिन्नीला धार लावत होते.

"काय केलंस, हे सगळे विचारतात पडलेल्याला," ते म्हणाले. "लागलं का, हे विचारलं कुणी?"

मालकांनी अंगणात जाऊन बोटाने दगड वाजवला. बद्द.

"भेग खोल गेलीय. फार वर्षं टिकायचा नाही."

"बाबांना ठाऊक होतं."

"बघ, मालकही तेच सांगतायत," म्हणत दादाने देवदूताच्या तुटक्या खांद्यावर हात टेकला. तो हात तिथेच राहिला. खांद्याला कुठे टोक नव्हतं, धार नव्हती. ती जागा गालासारखी गुळगुळीत होती.

"हे कधी केलं त्यांनी?"

"माझी नवी चादर फाटली होती तिथे अडकून," आई दारातून म्हणाली. "एकदाच बोलले मी. मग कितीतरी वर्षं संध्याकाळी घासत बसायचे. म्हटलं, पुरे आता. तर म्हणे, अजून बोचतंय."

दादाने खांद्यावरून एकदा हात फिरवला. मग त्याने मालकांना विचारलं, "हातगाडी मिळेल?"

आई पुढे आली. पंखावर सकाळीच घातलेला बाबांचा सदरा अजून ओला होता. तिने तो काढला आणि आता कुठे घालावा हे न सुचून हातात धरून उभी राहिली.