वरच्या मजल्यावरचा परदेश

आमच्या घरात परदेश पहिल्यांदा आला तो वरच्या मजल्यावर, आणि आणला माझ्या मोठ्या जाऊबाईंनी.

जाऊबाईंची सून कृत्रिम पाय बसवते. ज्याचा पाय गेला त्याचं माप घ्यायचं, साचा काढायचा, पाय तयार करून बसवायचा आणि मग त्या माणसाला त्यावर चालायला शिकवायचं, हे तिचं काम. रस्त्यानं जाताना ती माणसांच्या तोंडाकडे बघतच नाही, पायांकडे बघते. शेजारीण येऊन माझ्याकडे कुरकुरते की तुमची सून ओळख देत नाही. मी सुनेला विचारलं तर म्हणते, "त्या होय, काकू? डावी टाच झिजवतात त्या."

जाऊबाईंचा मुलगा लिफ्टचा इंजिनियर. दिवसभर माणसांना वरखाली करणारा हा गडी घरात मात्र पाणी प्यायलाही जागचा उठत नाही. त्याला आम्ही लिफ्टवालाच म्हणतो, आणि त्यात त्याला स्तुती वाटते.

तर सुनेला बाहेरच्या देशातल्या एका मोठ्या केंद्रातून बोलावणं आलं. त्याच गावात लिफ्टवाल्यालाही नोकरी मिळाली. दोघांचं सगळं जुळलं, जुळेना ते जाऊबाईंचं मन. त्यावर लिफ्टवाल्यानं पहिल्याच दिवशी हात वर केले. "आई हो म्हणाली तर जाऊ," म्हणाला. म्हणजे बायकोनं इतकी वर्षं घासून उघडलेल्या कुलपाची किल्ली यानं नेऊन आईच्या कमरेला खोचली. सून त्याच्याकडे नुसती बघत राहिली. ते बघणं मी बघितलं.

जाऊबाई रडल्या नाहीत की रागावल्या नाहीत. मोठे दीर गेल्यापासून घराचा कारभार त्यांच्याकडे आहे, आणि कारभारी माणूस रडत बसत नाही. दोन दिवस विचार करून त्यांनी सुनेला विचारलं, "नवा पाय बसवलास की माणसाला थेट रस्त्यावर सोडतेस का गं?"

"नाही, आई. आधी दोन दांड्यांच्या मधे चालवते. आधाराला."

"मग तुम्हीही आधी दांड्यांच्या मधे चाला. एक महिना वर राहा. वरच्या दोन खोल्या म्हणजे परदेश. स्वतः रांधायचं, स्वतः धुवायचं, स्वतः झाडायचं. तुम्ही खालच्या घरात यायचं नाही, आम्ही वर जायचं नाही. बोलायचं तर फोनवर. निभलं तर मी हसत निरोप देईन. पण दोघांतल्या एकानं जरी माझ्या स्वयंपाकघरात ताट पुढं केलं, तर परदेश रद्द. कबूल?"

"कबूल," सून म्हणाली.

"बघू," लिफ्टवाला म्हणाला.

मला तेव्हाच उमगलं, ही परीक्षा सुनेची नव्हती. जाऊबाईंनी पैज लावली होती लेकाच्या पोटावर, आणि ते पोट त्यांनी स्वतः वाढवलेलं होतं.

जिना घराच्या बाहेरून आहे, त्यामुळे देश वेगळा करायला सोपं गेलं. दोघं दोन पिशव्या घेऊन वर गेले तेव्हा जाऊबाईंनी फाटकात उभं राहून हात हलवला. माझे यजमान म्हणाले, "वहिनी, ती जिन्यावर आहेत अजून." जाऊबाई म्हणाल्या, "विमान हळूच चढतं, भावजी."

त्या काही करायच्या म्हणजे पुरतं करायच्या. परदेशाचं घड्याळ आपल्यापेक्षा मागे असतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. म्हणून संध्याकाळी फोन करून विचारायच्या, "तिकडे काय, दुपार का रे?"

वरून लिफ्टवाला म्हणायचा, "हो, आत्ताच जेवलो."

"काय जेवलास?"

"तिकडचं," तो म्हणायचा.

तिकडचं म्हणजे काय ते आम्हाला वासावरून कळायचं. करपलेल्या भाजीला देशाच्या सीमा नसतात. जाऊबाई खिडकीशी उभ्या राहून नाक वर करायच्या, बटाटा आहे की कोबी ते सांगायच्या, आणि त्या दिवशी स्वतः अर्धंच जेवायच्या.

दुसऱ्या आठवड्यात लिफ्टवाल्यानं गच्चीच्या कठड्याला कप्पी आणि छोटी मोटर लावून बादली वरखाली करायची सोय केली. बटण दाबलं की बादली खाली, बटण दाबलं की वर. का, तर बाजारातून आणलेली पिशवी जिना चढून न्यावी लागू नये म्हणून. बायको म्हणाली होती, भाजी आज तू आण. त्यानं भाजी आणली नाही, लिफ्ट बांधली. जाऊबाईंना मात्र बादलीत वेगळीच वाट दिसली. सकाळी बादली खाली दिसताच त्यांनी त्यात झाकलेलं पातेलं ठेवलं आणि तिथून निघून गेल्या, जणू ते पातेलं तिथं आपल्या पायानं आलं होतं. बादली वर गेली. पाच मिनिटांत पातेल्यासकट खाली आली. वरून सुनेचा आवाज आला, "आई, विमानतळावर पकडलं हं."

"बघ कशी आहे," जाऊबाई मला म्हणाल्या. पण तक्रारीची सुरुवात जितकी धारदार होती, तितका शेवट नव्हता.

मग एके दिवशी त्यांनी डबा भरला आणि मला म्हणाल्या, "चल गं धाकटे, तिच्या कामावर जाऊन येऊ. कामाची जागा काही वरच्या मजल्यात मोडत नाही."

मी म्हटलं, "तिथं काय सांगायचं, का आलो म्हणून?"

"ते तू सांग."

जाऊबाई आयुष्यात खोटं बोललेल्या नाहीत. विम्याचा माणूस दारात यायचा तेव्हा मोठे दीर आतून खुणा करायचे, आणि या सांगायच्या, "घरात आहेत, पण तुम्हाला भेटायचं नाही म्हणतात." म्हणून खोट्याची वेळ आली की घरात मला पुढं करतात.

तिथं लांबलचक खोली होती. मधे दोन चकचकीत दांड्या, एका टोकाला मोठा आरसा, भिंतीला टेकवून ठेवलेले बिनमाणसांचे पाय. दांड्यांच्या मधे मिशीवाला धिप्पाड माणूस उभा होता. नळ जोडायचं काम करायचा, असं नंतर कळलं. त्याच्या मागं त्याची म्हातारी आई, त्याच्या कमरेचा पट्टा मुठीत घट्ट धरून.

"हात काढा, मावशी," आमची सून म्हणाली.

"पडेल तो."

"पडला तर मी आहे. तुम्ही धरलंत तर तो तुमच्या हातावर चालेल. पायावर कधी चालायचा?"

म्हातारीनं हात काढला नाही. शेवटी तो मिशीवालाच मान वळवून म्हणाला, "आई, सोड ना गं." मग ती फणकाऱ्यानं येऊन आमच्या बाकावर बसली. तो एक पाऊल चालला, घामाघूम झाला, दुसरं चालला. म्हातारी जाऊबाईंना म्हणाली, "बघितलंत? सोड म्हणाला मला."

जाऊबाईंनी डबा तिच्या मांडीवर ठेवला. "खा," म्हणाल्या. "आमच्याकडेही कुणी खात नाही."

तेवढ्यात सुनेनं आम्हाला पाहिलं. "आई, तुम्ही इथे?"

"हिला विचार," जाऊबाई म्हणाल्या.

"गुडघा," मी म्हटलं. "फार दुखतोय." आणि पुराव्यादाखल चार पावलं लंगडून दाखवली.

"कुठला, काकू?"

"डावा."

"लंगडताय उजव्यानं," ती म्हणाली आणि हसू दाबत पुढच्या माणसाकडे वळली.

बसमध्ये जाऊबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "दिवसभर उभी असते गं ती." आणि थोड्या वेळानं, "आणि वर जाऊन पुन्हा रांधते." मी म्हटलं, "नवरा बादली ओढतो की." त्या हसल्या नाहीत.

महिन्याचा शेवटचा दिवस, रविवार. दुपारी वरून आधी वास आला, मग आवाज. सून कधी चढ्या आवाजात बोलत नाही, त्या दिवशी बोलली. "एवढं लक्ष ठेवायचं होतं, गॅस बंद करायचा होता फक्त," एवढं स्पष्ट ऐकू आलं. मग भांडं आपटलं. आम्ही नुकतेच जेवून उठलो होतो. माझे यजमान स्वयंपाकघरातच खुर्चीत बसून पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडावर घेऊन कान वर लावून होते.

लिफ्टवाला खाली आला, दारात चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. ताट ओढून पुढं केलं. "आई, वाढ."

जाऊबाईंच्या हातात पळी तशीच राहिली. महिनाभर ज्याची वाट पाहिली ते समोर येऊन मांडी घालून बसलं होतं. मला वाटलं, आता म्हणतील, जिंकले. त्यांनी भात वाढला. भाजी वाढली. तो जेवायला लागला, जणू खरंच विमानातून उपाशी उतरलाय.

"संपलं एकदाचं," तो घास चावत म्हणाला. सुंठीवाचून खोकला गेल्यासारखा चेहरा होता त्याचा. "मी ताट पुढं केलं. परदेश रद्द. तूच म्हणाली होतीस."

जाऊबाई त्याच्यासमोर बसल्या. "तुला जायचंच नव्हतं होय रे?"

"तिला सगळं येतं, आई. तिथं तिला सगळे विचारतील. मी काय, तिच्या मागून पिशवी धरून फिरू?"

"धर मग पिशवी. इथं तेवढीही धरत नाहीस."

जिन्यावर पावलं वाजली. ती पावलं सुनेची, हे ओळखायला पाय बसवणाऱ्याची विद्या लागत नव्हती. जाऊबाई उठल्या. त्यांनी लेकाला दंडाला धरून उठवलं आणि ताटासकट कोठीच्या दाराआड ढकललं. एवढा थोरला लिफ्टचा इंजिनियर हातात भातभाजीचं ताट घेऊन डब्यांच्या फळीला टेकून उभा राहिला.

सून दारात आली. केस विस्कटलेले, डोळे लाल. "आई, तो इथे आलाय का?"

मी तोंड उघडलं, कारण ते माझं काम. पण जाऊबाईच बोलल्या.

"कोण? नाही गं. इथं कुणी आलं नाही."

मी ओट्याला धरलं.

सुनेची नजर खाली गेली. दारात चपला होत्या, होडीएवढ्या. "आणि या?"

जाऊबाईंनी माझ्या यजमानांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत वहिनींनी त्यांच्याकडे असं काही मागितलं नसेल. ते पेपर ठेवून उठले, म्हणाले, "माझ्या आहेत. मोकळ्या बऱ्या पडतात," आणि त्या चपलांत पाय घालून फटक फटक करत बाहेर पडले.

सून दाराच्या चौकटीला टेकली. "आई, तो आला असेल तर सांगा. पैज म्हणजे पैज. मी कबूल म्हटलं होतं. मी त्रागा करणार नाही."

"आता मी खोटं बोलते असं म्हणायचंय का तुला?" जाऊबाई म्हणाल्या. "धाकटे, आलं होतं का गं कुणी?"

"मांजरसुद्धा नाही," मी म्हटलं.

"ऐकलंस? महिना झाला, कुणी ताट पुढं केलं नाही. उद्या तिकिटं काढा."

सून हळू आवाजात म्हणाली, "त्याला विचारायला हवं, आई. एकदा तरी त्यानं स्वतः म्हणायला हवं."

दाराआड ताट कशालातरी लागून वाजलं. मग घास गिळल्याचा आवाज.

"काढ," दार म्हणालं. "खिडकीची जागा तू घे."

आम्हा तिघींपैकी कुणीही दाराकडे पाहिलं नाही. सुनेनं पदर नव्हता म्हणून ओढणीनं नाक पुसलं. जाऊबाईंनी पाट पुन्हा मांडला आणि तिच्यासाठी दुसरं ताट घेतलं. बाहेर माझे यजमान त्या चपला ओढत फाटकापर्यंत जात होते, थांबत होते, वळत होते आणि पुन्हा जात होते, कारण परत घरात यायचं की नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.