सोनेरी दाताची मेमरी

लिंबागणेशच्या पंचक्रोशीत आश्रुबाला बैलाच्या बाजारात कुणी फसवलं, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. जनावराच्या जबड्यात बोट घातलं की तो वय सांगायचा, चार पावलं चालवलं की खोड सांगायचा, आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघून त्याचीही खोड सांगायचा. लेकीला स्थळ बघताना लोक एखाद्या वेळी घाई करत, पण आश्रुबाला विचारल्याशिवाय कुणी बैल घेत नसे. मात्र पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली आणि बाजारात नुसते विकणारेच उरले. घेणाराच नाही म्हटल्यावर पारख करायची कुणासाठी? नाव तेवढं शिल्लक होतं, आणि आश्रुबा ते जिवापाड जपत होता.

गावच्या सहकारी दूध संस्थेनं चारा छावणी उघडली. आश्रुबा संस्थेचा संचालक, आणि त्याचा सरज्या बैलही त्याच छावणीत बांधलेला. जोडीतला दुसरा मागच्याच उन्हाळ्यात गेला होता. छावणीचा नियम असा, की प्रत्येक जनावराच्या कानातला बिल्ला रोज यंत्रानं वाचायचा, कॉम्प्युटरनं तो आकडा वर तहसिलात कळवायचा, मगच दुसऱ्या दिवशी कडा गावच्या साखर कारखान्याकडून उसाचा ट्रक निघायचा. माणसाच्या शब्दावर चारा मिळायचे दिवस सरले होते. त्यामागं माणसांचेच काही पराक्रम होते, पण ते जाऊ द्या.

उद्घाटनाला चेअरमन भगवानरावांनी नारळ फोडला. संस्थेचा ऑपरेटर राधाकिशन कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकू लावायला वाकला, तर आश्रुबानं त्याचा हात धरला.

"टिनाला कुंकू लावून काय हुतंय? बैलाला कपाळाला लावतेत का गोठ्याच्या दाराला? ह्याची ताकद कुठं हाय ते दाखव."

संचालकापुढं ऑपरेटर काय बोलणार! राधाकिशननं डबा उघडला आणि आतली पट्टी काढून दाखवली. "ही मेमरी, काका. सगळा खेळ हिच्यावरच हाय."

आश्रुबानं ओलं कुंकू अंगठ्यानं पट्टीच्या पिवळ्या कडेवर भरभरून लावलं, वर अक्षता टाकल्या. पट्टी परत जागेवर गेली. टाळ्या झाल्या.

यंत्र संध्याकाळपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी अडखळलं आणि मग पडदा काळा करून नुसतं पीं पीं ओरडत बसलं. ट्रक आला नाही. जनावरं हंबरायला लागली. सरज्या रिकामी गव्हाण चाटत राहिला, आणि आश्रुबा त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला.

"मेमरी गेली," राधाकिशननं निदान केलं. "मशीन जुनं हाय, नवी मेमरी ह्याला बसत न्हाई. बीडला जुन्यातली सवलतीत मिळंल, पण टिकंल का न्हाई कोण सांगावं?"

"जुनी वस्तू घ्यायची म्हंजी पारखी माणूस पायजे," भगवानराव म्हणाले. "आश्रुबा, तुमी जावा."

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आश्रुबाला काहीतरी पारखायला बोलावलं होतं. त्यानं ठेवणीतला पटका काढला. राधाकिशननं बिघडलेली पट्टी बरोबर घेतली. तिच्यावर कुंकू वाळून कडक झालेलं होतं, पण पुसायची त्याची छाती झाली नाही. कुंकू का कुणी पुसतं? त्यानं तशीच रुमालात गुंडाळली.

बीडचा दुकानदार गोड बोलणारा होता. "जुनी इथं ठेवा, भावात कमी करून देतो. तवर चहा घेऊन या."

दोघं चहा घेऊन आले, तेव्हा दुकानदार लाल झालेलं खोडरबर खणात टाकत होता. काउंटरवर त्यानं तीन पट्ट्या मांडल्या होत्या. राधाकिशनला तिन्ही सारख्याच दिसल्या. आश्रुबानं मात्र बाह्या सारल्या.

"ह्याला दात कुठं असतेत बे?"

राधाकिशननं पट्टीच्या कडेची, यंत्राला टेकणारी पितळी रांग दाखवली. मग काय विचारता! पहिलीचे दात काळवंडलेले. "म्हातारी हाय, बसकण मारंल." दुसरीवर चकचकीत चिकटपट्टी. "शिंगं रंगवलेली दिसतेत." तिसरीचे दात मात्र सोन्यासारखे झळकत होते. आश्रुबानं ती तळहातावर जोखली, वास घेतला.

"हिला जुंपून दाखव."

दुकानदारानं ती आपल्या यंत्रात बसवली. यंत्र तुरूतुरू धावलं.

"इतकी गुणाची हाय, तर मालकानं कावून इकली?"

"मालकाला किंमत कळली न्हाई, काका."

आश्रुबाला हे उत्तर लई आवडलं. असले नादान मालक त्यानं जन्मभर बघितले होते. त्यानं उपरणं दुकानदाराच्या हातावर टाकलं आणि बाजाराच्या रीतीनं उपरण्याखाली बोटं दाबून भाव केला. दुकानदारालाही ती भाषा येत होती. सांगितल्या किमतीच्या निम्म्यात सौदा झाला, शिवाय पुढच्या बाजारापर्यंत परत घ्यायची बोली.

छावणीत येऊन पट्टी बसवली आणि यंत्र चालू झालं. ट्रक आला, सरज्यानं ऊस कडाकडा मोडला. "आश्रुबाची पारख ती आश्रुबाची पारख," असं जो तो म्हणायला लागला. आश्रुबा पारावर बसून दातांची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला आणि दर खेपेला दात जास्तच सोनेरी होत गेले.

भगवानरावांनी छावणीतच सत्काराचा घाट घातला. शाल झाली, श्रीफळ झालं. मग ते म्हणाले, "राधाकिशन, नवी मेमरी काढ. तिची बी पूजा हुऊ दे."

राधाकिशननं पट्टी उन्हात धरली आणि आश्रुबा पुढं वाकून बघायला लागला. दोन काळ्या चौकटींच्या फटीत तांदळाची एक कणी अडकली होती. कुंकवानं रंगलेली, त्याच्याच चिमटीतली. बैलाला रंग लावून त्याच्याच मालकाला परत विकल्याचा किस्सा आश्रुबा दर बाजाराला हसून हसून सांगायचा. आज तो मालक त्याला स्वतःतच दिसला. आणि त्याहून वाईट म्हणजे, सरज्या कुणामुळं उपाशी राहिला तेही कळलं. शाल अंगाला चटके देऊ लागली.

"थांबा, कुंकू लावू नका," तो म्हणाला. "ही आपलीच जुनी हाय. खोड हिच्यात नव्हती, माज्या अंगठ्यात हुती."

हशा पिकला, टाळ्या पडल्या.

"बघा! मोठा माणूस असा असतो," भगवानराव गहिवरले. "आश्रुबा, एवढा कमीपणा घेऊ नका." आणि त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं, चेअरमनच्या मानाला साजेल इतकं कुंकू दातांवर थापलं.

सकाळी यंत्र पीं पीं ओरडत होतं. जनावरांच्या रांगा लागल्या होत्या. काल टाळ्या वाजवणारे आज माना हलवत होते.

"फसलात, आश्रुबा," भगवानराव म्हणाले. "दुष्काळानं तुमची पारख बी वाळली."

आश्रुबाला ते वर्मी लागलं. जन्मभराचं नाव गेलं, आणि गेलं ते नेमकं मेमरी चांगली असताना. तोंड उघडून उपयोग नव्हता, खरं काय ते त्यानं कालच सांगून टाकलं होतं. बीडच्या दुकानदाराचं लाल खोडरबर आठवून त्यानं राधाकिशनकडं हात पसरला.

"रबर दे."

"काका, कुंकू पुसता?"

गाय धरून उभी असलेली वच्छलाबाई कळवळली. "आवो, नगा! दुष्काळात आजून अपशकुन कशाला?"

आश्रुबानं सरज्याकडं बघितलं. "त्याला शकुन नगं बाई, चारा पायजे."

भगवानराव ट्रकवाल्याला फोन लावायला बाहेर गेले होते. आश्रुबानं दात सोनेरी होईस्तोवर घासले. राधाकिशननं पट्टी बसवली. पडदा उजळला.

फोन ठेवून भगवानराव आत आले, पडदा बघून त्यांनी हात जोडले. "कुंकवाचा गुण आला! जरा उशिरानं, पण आला. राधाकिशन, उद्यापासून रोज लावत जा."

आश्रुबानं लाल झालेलं रबर झटकून बंडीच्या खिशात ठेवलं. आता ते रोज लागणार होतं. मग तो सरज्याचा कान धरायला रांगेकडं गेला.