दुभाषीबाईचा मी

"तिसरा धडा सगळ्यात अवघड आहे," मेरिडिथ म्हणाली. "तो एका आईचा आहे."

एवढं बोलून ती थांबली आणि माझ्याकडे पाहून हसली. मी तेच वाक्य आमच्या भाषेत मंडळींना सांगितलं. पाहुण्यांच्या निरोपाची उपासना होती आणि चर्च गच्च भरलं होतं. पुढच्या बाकांवर महिला मंडळाच्या बायका बसल्या होत्या, पांढरे ब्लाऊज, काळे स्कर्ट, डोक्याला पांढरे रुमाल. मधोमध मंडळाच्या अध्यक्षीण मायी चिम्वाला. त्यांच्या डाव्या हाताची जागा गेली बावीस वर्षं माझी आहे. त्या दिवशी ती रिकामी होती, कारण मी वेदीपाशी पाहुणीला लागून उभी होते.

दर जुलैत, मका घरात आला की अमेरिकेहून पाच-सहा जण दहा दिवसांसाठी आमच्या गावी येतात. चर्चच्या भिंती रंगवतात, पोरांना गाणी शिकवतात, प्रवचनं देतात. आमचे पाळक कचाले इंग्रजी वाचतात छान, पण पाहुण्यांचं नाकातलं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जातं. हे ते मरेपर्यंत कबूल करायचे नाहीत. "एनेलेसी मास्तरीणबाईंना संधी मिळायला हवी," असं म्हणतात आणि मला पुढे ढकलतात. अकरा वर्षं मला ही संधी मिळते आहे.

दुभाष्याला स्वतःचा 'मी' नसतो, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. तेव्हाचे पाहुणे साक्ष देताना म्हणाले, "मी दारुड्या होतो." मी भाषांतर केलं, "हे म्हणतात, हे दारुडे होते." सगळं चर्च खो खो हसलं. नंतर पाळकांनी मला बाजूला घेतलं. "मास्तरीणबाई, तुम्ही देवाचं वचन सांगताय की चहाड्या करताय?" तेव्हापासून पाहुणा 'मी' म्हणाला की मीही 'मी' म्हणते. अशी मी आजवर तुरुंगात जाऊन आले आहे, विमानातून उडी मारली आहे आणि सूझन नावाच्या बाईशी लग्नही केलं आहे. पाण्याच्या पंपावर बायका अजून विचारतात, "काय गं, तुझी सूझन बरी आहे ना?"

मेरिडिथच्या भाषणाचं नाव होतं, 'या प्रवासात मी विश्वासाबद्दल काय शिकले'. पहिला धडा, या लोकांकडे काही नाही तरी हे आनंदी आहेत. हा धडा दर वर्षीचे पाहुणे शिकतात. आम्ही आनंदी आहोत हे त्यांना कोण सांगतं, देव जाणे. दुसरा धडा, इथे कुणाला घाई नसते. तेव्हा मायी चिम्वालांनी तोंडाला रुमाल लावला, कारण पाहुण्यांची बस ठरल्या वेळी यावी म्हणून त्यांनी पहाटेपासून ड्रायव्हरच्या घरी दोनदा माणूस पाठवला होता.

आणि आता तिसरा.

मेरिडिथ ते दहा दिवस माझ्याच घरी राहिली. बत्तीस वर्षांची, ना मूल ना बाळ. गावातल्या बायका कुजबुजायच्या, पण मला ती आवडली. चुलीचा धूर डोळ्यांत गेला तरी उठायची नाही. मक्याच्या पिठाची न्सिमा घोटायला बसली तेव्हा गुठळ्या करून ठेवल्या, आणि त्या स्वतःच खाल्ल्या. सहाव्या दिवशी आम्ही दोघी अंगणातल्या मचाणावर छोटे मासे वाळत घालत होतो. तिने विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

आमच्याकडे असं विचारत नाहीत. ज्या आईचं लेकरू गेलं, तिच्यासमोर ते नाव पुन्हा काढत नाहीत. मला पूर्वी सगळे ताडालाची आई म्हणायचे. माझी लेक ताडाला गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांची मास्तरीणबाई झाले. लोकांनी ते मायेनेच केलं. पण एकोणीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि हिने विचारलं. मी सांगून टाकलं. इंग्रजीत सांगायचं होतं म्हणून सांगता आलं असेल. ती माझी शाळेची भाषा, तिच्यात मी कधी रडले नव्हते.

जे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही, ते मी मासे पसरता पसरता तिला सांगितलं. तिने माशांच्या खवल्यांनी भरलेला माझा हात धरला आणि म्हणाली, "एनेलेसी, हे आपल्या दोघींतच राहील." मी विश्वास ठेवला.

"तिची मुलगी दोन वर्षांची होती," मेरिडिथ आता मंडळींकडे पाहत म्हणाली. "तापाने फणफणली होती. पावसाने दवाखान्याचा रस्ता वाहून गेला होता."

गावात असं लेकरू एकच होतं. नाव न घेण्याने काय झाकणार होतं? केसाने गळा कापला हिने, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. अगदी प्रेमाने पाहत होती माझ्याकडे. आपण मला केवढा मान देतो आहोत, असंच तिला वाटत असावं.

मंडळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला दुसरं काहीही सांगता आलं असतं. एखादं स्तोत्र म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "माझी मुलगी दोन वर्षांची होती."

सगळे मेरिडिथकडे बघायला लागले. मागून कुणीतरी हलकेच म्हणालं, "अरेरे, म्हणून हिला मूल नाही."

मग मी थांबले नाही. ती 'तिचं' म्हणायची, मी 'माझं' म्हणायचे. "आमच्या चर्चच्या बायका तीन दिवस माझ्या घरी प्रार्थना करत होत्या. म्हणाल्या, श्रद्धेने केलेली प्रार्थना फुकट जात नाही. पण माझा धीर सुटला. लेकरू पाठीला बांधून मी मागच्या दाराने निघाले आणि वैदूकडे गेले. त्याने तिच्या मनगटाला काळ्या दोऱ्याचा गंडा बांधला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या मांडीवर गेली. बायकांनी बघायच्या आत मी तो गंडा तोडला आणि चुलीत टाकला. मग एक बाई म्हणाली, या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला. लेकरू माझ्यामुळे गेलं, असंच मी आजवर समजत आले."

ती बाई कोण, हे मी मेरिडिथला सांगितलं नव्हतं. ती बाई समोरच, पुढच्या बाकावर मधोमध बसली होती.

"तरी मी परत आले," मी म्हणाले. "अजूनही दर रविवारी पुढच्या बाकावर बसते."

यावर मेरिडिथने धडा काढला, की हरल्यानंतरही परत येणं म्हणजेच विश्वास. फार सुंदर बोलली, खोटं कशाला सांगू. अमेरिकेला परत जाऊन ती हेच बोलणार होती आणि तिथेही लोक रडणार होते. माझी ताडाला तिच्या तिसऱ्या धड्याच्या कामी आली. पण खरं सांगते, माझी जीभ त्या वेळी नुसती भाषांतर करत नव्हती. तिच्या आडून का होईना, मला हे एकदा माझ्या माणसांत, माझ्या भाषेत बोलायचं होतं.

प्रार्थना संपायची वाट न बघता मायी चिम्वाला उठल्या. त्यांच्यामागे सगळं मंडळ उठलं. बायका पुढे आल्या, मेरिडिथच्या पायाशी सिमेंटवर बसल्या आणि मयताच्या घरी वाजवतात तशा हळू टाळ्या वाजवत "पेपानी, पेपानी", म्हणजे फार वाईट झालं, असं म्हणू लागल्या. कुणी तिचे पाय दाबत होतं, कुणी पाठ. मेरिडिथला रडू आवरेना. आपलं भाषण काळजाला भिडलं, असं तिला वाटत होतं.

"त्यांच्याकडेही वैदू असतात म्हणायचं," माझ्या मागे एक म्हातारी दुसरीच्या कानात बोलली.

मायी चिम्वालांनी मेरिडिथचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मास्तरीणबाई, हिला सांगा. म्हणावं, तुझा दोष नाही पोरी. लेकरासाठी आई कुठेही धावते. बोलणाऱ्या बायका बोलतात, त्यांचं मनावर घेऊ नकोस. तुझ्या जागी मी असते तर मीही गेले असते."

मेरिडिथने डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत त्या?"

"म्हणतायत, सुखरूप जा," मी म्हणाले.

तिने मायी चिम्वालांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिली. बायका अजून येतच होत्या. त्यांना तिच्यापर्यंत पोचायला जागा व्हावी म्हणून मी भिंतीकडे सरकून उभी राहिले.